डाव्या दाराची काच

झरी, ता. जि. परभणी
दि. ८ डिसेंबर २०२४

नीलम मॅडम यांना,
झरीच्या भुजंगचा नमस्कार.

हा मायना लिहिण्यातच अर्धी वही फाटली. नुसतं नीलम लिहावं तर तेवढी ओळख नाही. ताई लिहावं तर ज्या कामासाठी आम्ही तुमच्या घरी येऊन गेलो त्या कामात ताई म्हणणं म्हणजे आपल्याच हातानं चुलीत पाणी ओतणं. तुम्ही मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहात, तिथं सगळे मॅडमच म्हणत असतील, म्हणून मीही तेच लिहिलं.

पत्र मुद्दाम पोखर्णीच्या घरच्या पत्त्यावर टाकतोय. चोरून काही नाही. बालाजीभाऊ, बहिणीच्या आधी तुम्ही फोडलं असेल तर तुम्हालाही नमस्कार. वाचा, पण वाचून झालं की पुढं द्या.

इकडं सर्व ठीक. सोयाबीन निघालं, तुरीच्या शेंगा भरत आहेत. थंडीनं दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुडघा धरतो, बाकी त्यांची तब्येत चांगली आहे. तुमच्या घरचेही सर्व मजेत असतील.

तुमच्याकडून नकार आला त्याचा राग नाही. सदतिशी गाठलेल्या, शेती करणाऱ्या माणसाला नकार म्हणजे सकाळचा चहा. नोकरी नाही, वय जास्त, मुलीला गावात राहावं लागेल. ही सगळी कारणं मला पटतात. मुलीचा बाप असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पण या वेळचं कारण पटत नाही. भागवतमामांनी सोयरीक जुळवायला एवढी धडपड केली, त्यांनीच निरोप आणला की मुलाचं बाहेर काहीतरी आहे. आमच्या दादांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाले, "बाहेर काही असतं तर आजवर घरात आणलं नसतं का यानं?" मामा हसले. मला हसू आलं नाही.

तर पत्राचं कारण माझी गाडी.

तुम्ही ती दारात पाहिलीच. लाल, बुटकी, जुनी. जिनं ती बनवली ती कंपनी देश सोडून गेली, त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत, आणि म्हणूनच ती माझ्या ऐपतीत आली. नांदेडच्या एका डॉक्टरच्या अंगणात लिंबाखाली उभी होती, टपावर कबुतरांनी संसार मांडला होता. डॉक्टर म्हणाले, "पळते छान, पण दुरुस्त कुणाला करता येत नाही." मी म्हणालो, "मला येईल." येत नव्हतं. शिकलो. गावातल्या मोटरसायकली दुरुस्त करायचं माझं छोटं शेड आहे, तिथंच ती उभी राहते.

या गाडीला टर्बो आहे. सायलेन्सरकडं जाणारी गरम हवा एक छोटा पंखा फिरवते, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. म्हणून ती अशी उसळते, आणि पाय काढला की फुस्स करते. तो दांडा लाल होईस्तोवर तापतो आणि फक्त तेलावर तरंगत फिरतो. पळवून आणलेली गाडी एकदम बंद केली की तेल थांबतं, जागीच जळतं, आणि टर्बो कामातून जातो. शंकरपटात पळून आलेल्या बैलाला आपण लगेच दावणीला बांधतो का? जरा फिरवतो, दम खाऊ देतो. तसं हिला थांबल्यावर दोन मिनिटं चालू ठेवायची असते. नवा टर्बो घ्यायचा म्हटलं तर मला तुरीचं अख्खं पीक विकावं लागेल.

त्या दिवशी मी तेच केलं. माझ्या गाडीत बसायला दादा तयार नसतात, म्हणतात कंबर जमिनीला लागते. म्हणून ते आणि मामा जीपमधून पुढं आले आणि मी एकटा मागून. तुमच्या दारात तुमचे वडील हात जोडून उभे होते, आई पाय धुवायला तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि मी आपला काचा लावून आत बसलेलो. पाहुणा दारात येऊन उतरत नाही, वडीलधाऱ्यांना ताटकळत ठेवतो, हे कुणाला आवडेल? मलाही आवडलं नसतं. त्याबद्दल तुमच्या आईवडिलांची मी हात जोडून माफी मागतो.

आता फोनचं. आपल्याला बोलायला गच्चीवर पाठवलं तेव्हा तुम्ही मला सरळ विचारलं होतं, "गाडीत कुणाशी बोलत होतात?" मी म्हणालो, "फोन होता." तुम्ही विचारलं, "कुणाचा?" मी म्हणालो, "असाच, एकाचा." आणि पाण्याच्या टाकीकडं बघत राहिलो.

मॅडम, फोन नव्हता. दादांच्या फोनची बॅटरी उतरली होती म्हणून माझा फोन त्यांच्या खिशात होता. मामांना विचारा, जीपमध्ये त्यांनीच त्यावर रस्ता पाहिला. तुमचं आधीचं ठरलेलं लग्न कशावरून मोडलं ते मामांनी मला नंतर सांगितलं, की त्या माणसाचेही असेच फोन असायचे. आधी माहीत असतं तर माझी जीभ झडली असती पण तो शब्द तोंडातून निघाला नसता. तुम्हाला वाटलं असेल, हाही त्याच माळेचा मणी. तसं नाही.

मी मोजत होतो. दोन मिनिटं झाली का ते मनात मोजताना माझे ओठ हलतात, लहानपणापासूनची खोड आहे. तुम्ही एकदम विचारल्यावर मोजत होतो असं सांगायची लाज वाटली आणि फोन म्हणून गेलो.

एवढंच सांगायचं होतं. नकार बदलावा म्हणून लिहिलेलं नाही. गैरसमज राहू नये, बस्स. मोठ्यांना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
भुजंग


झरी
दि. २१ डिसेंबर २०२४

नीलम मॅडम,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तुमी लिफाफा तरी वापरायचा! आमच्या पोस्टमननं ते पारावर उभं राहून आधी सोता वाचलं, मंग माझ्या शेडवर येऊन मलाच इचारलं, "भुजंगभाऊ, मोजताना कोण हसायलं होतं?" आता अर्ध्या गावाला तुमची ती ओळ पाठ हाय. एकच तर ओळ. 'मोजताना कुणी हसत नसतं.' खाली नाव. नमस्कार सुदिक न्हाई.

मी ते कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. रोज काढून बघतो आन परत ठेवतो.

पयलं पत्र मी शाळेतल्यावानी लिहिलं व्हतं. शुद्ध लिहायला लागलं की माणसाला खोटं सोपं जातं बघा. आता बोलतो तसं लिहितो. तुमाला हसू आलं तर हसा. बालाजीभाऊ, तुमी मात्र इथंच थांबा, पाया पडतो. पुढचं फकस्त तुमच्या बहिणीसाठी हाय.

आधी गाडीचं सांगतो, कारण तिथनं सुरू केलं की मला बोलाय येतं.

टर्बोचं जे सांगितलं ते खरं हाय. पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. शेवटचा रस्ता हळू आलं तर टर्बो चालता चालताच थंड होतो, मंग दारात थांबायची गरज पडत न्हाई. तुमच्या गावाच्या अलीकडं रस्त्यावर गतिरोधक किती हायत! माझी गाडी बुटकी, एकेका गतिरोधकावर तिरपी घालून, पोट घासू न देता न्यावी लागते. मागून एक सायकलवाला मला ओलांडून गेला, वर वळून बघून हसला. तुमच्या दारात आलो तवा टर्बो गार पडला व्हता.

गाडीला त्या दिवशी दोन मिनिटं लागणार नव्हती. मला लागणार व्हती.

आता कसं सांगू? चार दिस झाले पेन हातात धरतो आन ठेवतो. काल शेडमधी एका गड्याच्या मोटरसायकलीची साखळी उलटी बसवली. तो म्हणला, "भाऊ, तब्येत बरी न्हाई का?" म्हणलं, "बरी हाय, हिशेब चुकायलाय."

आमच्या घरात दोन माणसं आन एक टीव्ही हाय. आई गेल्यापासून घरात टीव्हीच जास्त बोलतो. दादा वाईट न्हाईत, लय मायाळू हायत, पण आमचं बोलणं म्हंजे "च्या झाला का?" "झाला." "मोटर बंद केली का?" "केली." भाऊ पुण्याला, त्याचं त्याला पुरं. बरोबरीची पोरं लेकराबाळांत अडकली. सणावाराला भेटतात, पाठीवर थाप मारतात, "तुझं काय मंग?" म्हणतात आन उत्तर यायच्या आत निघून जातात. मी काय सांगणार हाय हे त्यांला आधीच ठाऊक असतं.

गाडी आली तवा परतूरच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आलो की दारात दोन मिनिटं बसायचो. सुरुवातीला मापं बघायचो, काटा कुठं हाय, पाणी तापलं का. दोन मिनिटं किती मोठी असतात तुमाला सांगू! एकट्या माणसाला तर एवढा वेळ सोताकडं बघाय लागू नये. एक दिवस सहज तोंडातून निघालं, "आज लय धूळ व्हती, फिल्टर झाडावा लागंल." आन मी डावीकडं बघितलं. डावीकडं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत बोललो. मंग रोजच.

मॅडम, मी त्या सीटवर बायको बसलीय असं धरून बोलतो. लिहिलं एकदाचं.

तिला नाव न्हाई, तोंड न्हाई. नाव ठेवलं असतं तर मीच मला दवाखान्यात नेऊन सोडलं असतं, एवढी अक्कल हाय मला. नुसती बसलेली असते. मी दिवसभराचं सांगतो. फवारणी झाली, अमका भेटला, दादांनी आज पोळी उरवली. ती लय बोलत न्हाई, पण टोमणे मारते. इंजिनाची हवा थंड करायची जाळी मी भंगारातनं आणली, मोठ्या गाडीची, कापून-जोडून बसवली. तवा म्हणली, "घरातला नळ गळायलाय, तो कोण जोडणार?" जोडला. हवेचा पाइप कुठंतरी फुटला व्हता, ताकदच येईना. पंक्चरवाल्यावानी साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधला आन नवा पाइप ठिबकच्या नळीच्या क्लिपानं आवळला. त्या दिवशी ती शहाणा म्हणली. म्हंजे मीच म्हणलो. तुमाला समजलं का मी काय म्हणायलोय?

पुण्याचा एक पोरगा लॅपटॉप जोडून इंजिनाची ताकद वाढवून देतो. सगळे नादिष्ट आधी तेच करून घेतात. मी आधी ब्रेक बदलले. मित्र म्हणले, "भित्रा." मी सांगितलं न्हाई कामून. शेजारी माणूस बसतं म्हणून, असं कसं सांगावं?

आन डाव्या दाराची काच. ती नांदेडपासूनच खाली जात नव्हती, मोटर जळलेली. माझ्या गाडीत डावीकडं कुणीच बसत न्हाई. दादा बसत न्हाईत, मित्र बसत न्हाईत. तरी मी दोन म्हयने पैसे मागं टाकून, सगळी भंगारं पालथी घालून ती मोटर आणली आन बसवली. त्या पैशात टर्बोचं तेल आलं असतं. मित्रांनी येड्यात काढलं, "डाव्या काचेची तुला काय गरज रे?" म्हणलं, "हवा यावी." तिला उकडत असंल, हे मी कुणाला सांगू?

आता त्या दिवसाचं. तुमच्या दारात गाडी उभी केली. समोर एवढी माणसं. माझे हात स्टिअरिंगवरनं निघंनात. मी तिला म्हणलो, "बघ, हेच घर. उतरायचं का? लय माणसं उभी हायत. मला बोलाय जमलं न्हाई तर तू सांभाळून घे." लगेच ध्यानात आलं, अरे, जिच्यासाठी आलो ती तर आत हाय, आन मी हिला कुठं घेऊन चाललो? ती म्हणली, "आधी शर्टाची गुंडी नीट लाव. खाली-वर झालीय." म्हणून मी हसलो. ते हसणं तुमी खिडकीतनं बघितलं.

गुंडी तशीच राहिली. उतरायच्या घाईत इसरलो.

मंग गच्चीवर तुमी आलात. तुमाला आठवतं का तुमी पयलं वाक्य काय बोललात? गाडीचं नंतर इचारलं. आधी माझ्याकडं बघून म्हणलात, "गुंडी खाली-वर झालीय तुमची."

माझ्या पायाखालची गच्चीच सरकली. तीच गुंडी, तेच शब्द, आन या बारीला खरा आवाज. मला कळंना हसावं का रडावं का टाकीआड जाऊन बसावं. आन त्याच घडीला तुमी इचारलंत, "गाडीत कुणाशी बोलत होतात?" आता सांगा, त्या वक्ताला मी काय सांगायला पाहिजे व्हतं? तुमच्याशीच बोलत व्हतो म्हणून? तुमी ओरडत खाली पळाला असता. फोन हा एकच शब्द तोंडात आला. मी इचार करून खोटं बोललो न्हाई, घाबरून बोललो. पण खोटं ते खोटंच, आन ते नेमकं तुमच्या जुन्या जखमेवर पडलं. त्याचं मला लय वाईट वाटतं. नकारापेक्षा जास्त.

गावात आता दोन्ही बाजूंनी बोलायलेत. काही म्हणतात भुजंगाचं बाहेर हाय. काही म्हणतात त्यानं गाडीपायी सोयरीक घालवली. दादा परवा जेवताना म्हणले, "इकून टाक तिला. गाडी पाहून लोक नवरदेवाला इचारंनात." मी म्हणलो, "बघू." मंग ते ताटाकडं बघत म्हणले, "मी बसू का रे एकदा तुझ्या गाडीत? कंबर लागली तर लागू दे." मी उठून हात धुवायला गेलो. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायची आमच्यात पद्धत न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांला बसवून झरीच्या बाहेर तळ्यापर्यंत नेऊन आणलं. सगळा रस्ता दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसले व्हते. दारात आलो, मी गाडी चालूच ठेवली. ते म्हणले, "बंद कर की, पेट्रोल जळायलंय." म्हणलं, "दोन मिनिटं, दादा." मंग त्यांनी त्यांच्या बाजूची काच खाली घेतली, वर केली, परत खाली घेतली. म्हणले, "चांगली बसवलीस. कुणासाठी?"

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. त्यांनीबी परत इचारलं न्हाई. त्यांला समजलं असंल.

तुमच्याकडनं होकार मागायला हे लिहिलेलं न्हाई, असं पयल्या पत्रात म्हणलो व्हतो. तेबी खोटं. त्यासाठीच लिहिलं व्हतं, आताबी त्यासाठीच लिहायलोय. पण होकाराच्या आधी एक अडचण हाय, ती तुमीच सोडवू शकता.

पोखर्णीहून आल्यापासून मला गाडीत बोलता येईना झालंय. गाडी दारात लावतो, सवयीनं तोंड उघडतो, डावीकडं बघतो, तर तिथं तुमी असता. त्या दिवशी गच्चीवर व्हती तीच जांभळी साडी, वारा आला तसा पदर धरलेला. पयली जी व्हती तिला तोंड नव्हतं, तिला काहीबी सांगावं, कुणाचं काय जात व्हतं? तुमी तर खऱ्या हायत. पोखर्णीला तुमी तुमच्या कामात, आन इथं झरीत एक परका माणूस तुमाला गाडीत बसवून तुरीचं सांगायलाय, हे मला बरं वाटत न्हाई. तुमाला न इचारता तुमाला तिथं बसवायचा मला हक्क न्हाई. म्हणून मी गप बसतो. गाडी घुरघुरत असते, समोर भिंत असते, आन मी काट्याकडं बघत बसतो. आधी एकटा व्हतो तरी बोलत तरी व्हतो.

तवा एवढंच कळवा. न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई लिहा, मी परत पत्र टाकणार न्हाई आन गाडीत तुमचं नावबी घेणार न्हाई, शपथ. आन जर एकदा येऊन बसावं वाटलं, नुसतं बसायला, बालाजीभाऊंना मागं बसवून, आईला घेऊन, कसंबी, तर तेवढं लिहा. पोस्टकार्डच टाका. सगळ्या गावानं वाचलं तरी चालंल.

डाव्या दाराची काच खाली-वर नीट व्हते. दादा सोडले तर ती अजून कुणी खाली घेतलेली न्हाई.

दारात गाडी चालू ठेवून गप बसलेला,
भुजंग